हळवा स्वभाव आणि मनाचा कौल: सर्जनशील कामात दोन्ही कसे वापरायचे

लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, गाणाऱ्या, डिझाइन करणाऱ्या लोकांमध्ये ‘फार मनाला लावून घेतोस’ हा शेरा लहानपणापासून ऐकत आलेले पुष्कळ असतात. त्यांना सल्लेही ठरलेलेच मिळतात. एक म्हणतो, जरा कातडी जाड कर. दुसरा म्हणतो, ही देणगी आहे, मनाचं ऐक. पहिला सल्ला जमत नाही आणि दुसरा अर्धवट आहे. मन ताजं असताना जे सांगतं आणि थकून गेलेलं असताना जे सांगतं, त्यात जमीनअस्मानाचं अंतर असतं. ऐकायचं ते नेमकं कोणतं, हे त्यात कुणी सांगत नाही. इथे भर त्यावरच दिला आहे: आपल्यावर भार किती चढलाय हे कसं ओळखायचं, त्याप्रमाणे दिवस कसा लावायचा, आणि मनाचा कौल आधी तपासून मग कामात कसा वापरायचा.

आधी थोडं शास्त्र

एलेन अ‍ॅरन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९७ साली या हळव्या स्वभावावरचा (मानसशास्त्राच्या भाषेत उच्च संवेदनशीलतेवरचा) शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि तो मोजण्यासाठी २७ प्रश्नांची प्रश्नावली दिली. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी येतात. मिळालेल्या माहितीवर मनात खोलवर प्रक्रिया होते. आवाज, उजेड, गर्दी, घाई यांनी माणूस लवकर भरून जातो. भावना तीव्रतेने उमटतात आणि दुसऱ्याचं दुःख चटकन भिडतं. इतरांच्या नजरेतून सुटणारे बारीक फरक टिपले जातात. कलाकाराला पहिली आणि चौथी गोष्ट कामाची, दुसरी त्याची किंमत वसूल करणारी, आणि तिसरी दोन्ही बाजूंना झुकणारी.

सगळी माणसं या पट्टीवर कुठे ना कुठे असतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उच्च संवेदनशील गट साधारण ३० टक्के, मधला ४० टक्के आणि कमी संवेदनशील गट ३० टक्के निघाला. त्यामुळे ‘मी त्यातला की नाही’ यावर महिनोन्‌महिने विचार करण्यात अर्थ नाही. आपण पट्टीवर कुठल्या बाजूला आहोत एवढं कळलं की पुरतं. हा आजार नाही. याचा अर्थ अंतर्मुख असणं असाही नाही; अ‍ॅरन यांच्या अंदाजाने अशा लोकांपैकी सुमारे ३० टक्के चांगले बोलघेवडे, माणसांत रमणारे असतात. आणि एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: अशा माणसांना वाईट परिस्थितीचा त्रास जास्त होतो, तसाच चांगल्या परिस्थितीचा फायदाही इतरांपेक्षा जास्त होतो. म्हणूनच खोली, वेळ आणि सोबत यांची नीट आखणी करण्याचे कष्ट वसूल होतात.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद

या काळात काहीही बदलायचं नाही. एक छोटी वही घ्या. दिवसातून तीनदा, सकाळी काम सुरू करण्याआधी, दुपारच्या जेवणाआधी आणि संध्याकाळी, एकेक ओळ लिहा: वेळ, भाराचा आकडा ० ते १०, आधीच्या दोन तासांत काय घडलं, आणि शरीरात काय जाणवतंय. एका नोंदीला मिनिटभर पुरे. आकड्यांना ठरलेले अर्थ द्या, नाहीतर आजचा पाच आणि उद्याचा पाच यांचा मेळ बसत नाही. उदाहरणार्थ:

२: सुचतंय, बोलावंसं वाटतंय.
५: काम होतंय, पण पंख्याची घरघर आता ऐकू येऊ लागलीय.
७: साध्या प्रश्नाचाही वैताग येतो, एकच वाक्य दोनदा वाचावं लागतं.
९: रडू येईल किंवा उठून निघून जावंसं वाटतं.

शरीराच्या रकान्यात ‘बरं’, ‘वाईट’ असं लिहू नका. जबडा आवळलेला, खांदे वर चढलेले, पोट रिकामं, डोळे चुरचुरताहेत, असं लिहा. पुष्कळ हळव्या माणसांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची आठी लगेच दिसते आणि स्वतःची भूक मात्र तीन तासांनी कळते. सगळ्या नोंदी रात्री एकदम लिहून काढणं ही इथली नेहमीची चूक. रात्री आठवतो तो दिवसातला सर्वांत वाईट क्षण, आणि सगळा दिवस त्याच रंगात रंगवला जातो.

चौदा दिवसांनी वही वाचली की सहसा दिसतं ते असं: भडका उडाला तो शेवटच्या घटनेवर, पण भार त्याआधीच चढलेला होता. अपुरी झोप, उत्तर न दिलेला एक मेसेज, शेजारच्या खोलीतला टीव्ही, आणि त्यावर कुणीतरी सहज विचारलेलं ‘झालं का?’ खापर फुटतं ते त्या ‘झालं का’ वर.

या वहीतून एकच नियम काढायचा आहे, तो सगळ्यांत महत्त्वाचा. भार ७ किंवा त्याहून वर असताना कामाबद्दल कोणताही न फिरवता येणारा निर्णय घ्यायचा नाही. फाइल डिलीट करायची नाही, चित्रावर पांढरा रंग फासायचा नाही, प्रकल्प सोडल्याचं कळवायचं नाही, समीक्षकाला उत्तर पाठवायचं नाही. होकारही द्यायचा नाही, कारण भरून गेलेला माणूस पुष्कळदा समोरचं बोलणं संपावं म्हणून ‘हो’ म्हणतो. त्या वेळी आलेला विचार कागदावर लिहा आणि आकडा ४ वर आला की बघा.

दिवस कसा लावायचा

सर्जनशील दिवसाचे दोन भाग पाडा: द्यायचे तास आणि घ्यायचे तास. द्यायच्या तासांत काम बाहेर पडतं: लेखन, रेखाटन, रियाज, मांडणी. घ्यायच्या तासांत बाहेरचं आत येतं: वाचन, बातम्या, मेसेज, भेटीगाठी, इतरांचं काम पाहणं. हळव्या माणसाने द्यायचे तास आधी ठेवावेत. उठल्यावर अर्धा तास फोन चाळला तर दहा-पंधरा लोकांचे मूड मनात येऊन बसतात आणि पुढचा तास त्यांची समजूत काढण्यात जातो. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळतो, हे संशोधक सोफी लरॉय यांच्या २००९ सालच्या अभ्यासात दाखवलेलं आहे. जो प्रत्येक गोष्ट खोलवर घेतो त्याला तर ते चांगलंच जाणवतं.

सुरुवातीला रोज ४५ ते ६० मिनिटांच्या दोन बैठका ठेवा. तिसरी जमली तर उत्तम. चौथीचा हट्ट धरला की बहुतेकांचा दुसरा दिवस वाया जातो. दोन बैठकांमध्ये १० ते १५ मिनिटांची विश्रांती, आणि ती स्क्रीनशिवाय. फोन पाहणं म्हणजे पुन्हा घेणंच. विश्रांती घड्याळाला बांधा, थकव्याला नको. काम रंगलं की थकवा जाणवत नाही आणि जाणवतो तोवर आकडा सातवर गेलेला असतो. ‘सूर लागलाय, आता कशाला उठू’ असं वाटणारच. पाच मिनिटं जास्त घ्या, पुढच्या वाक्याची किंवा पुढच्या फटकाऱ्याची खूण लिहून ठेवा आणि उठा. परत आल्यावर त्या खुणेवरून सुरुवात सोपी जाते.

खोलीबद्दल थोडं. छतावरचा पांढराशुभ्र झगझगीत दिवा बंद करून बाजूने येणारा २७०० ते ३००० केल्विनचा (हा आकडा दिव्याच्या खोक्यावर असतो; जितका कमी तितका उजेड पिवळसर) उबदार उजेड लिहिण्यासाठी बरा. रंगकाम करणाऱ्यांनी मात्र रंग नीट दिसण्यासाठी ५००० केल्विनच्या आसपासचा दिवा ठेवावा आणि तो फक्त कामाच्या पृष्ठभागावर पडेल असा वळवावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्याखाली सरकते काळे पट्टे दिसले तर तो दिवा लुकलुकतोय असं समजा. डोळ्यांना ते कळत नाही, पण डोकं दुखू शकतं. आवाजासाठी फोमचे इअरप्लग स्वस्त आणि परिणामकारक असतात. ते बोटांत गुंडाळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर निम्मंही काम करत नाहीत. दिवसभर घालून मात्र बसू नका. सतत शांततेची सवय झाली की साधे आवाजही जास्त खुपू लागतात.

७० डेसिबलच्या आसपासचा, म्हणजे साधारण गजबजलेल्या कॅफेइतका, आवाज सर्जनशील कामाला पोषक असतो, असं २०१२ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं होतं. ५० आणि ८५ डेसिबलला तुलनेने कमी फायदा दिसला. कॅफेत बसून लिहा हा सल्ला बहुधा तिथूनच फोफावला. पण ती सरासरी आहे. तुमची वही काय सांगते ते पाहा. कच्चा आराखडा गजबजाटात आणि बारीक संपादन शांततेत, अशी वाटणी पुष्कळांना मानवते.

चहा-कॉफीचंही पाहा. रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला सरासरी पाचेक तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचचा कप रात्री दहाला अर्धा शिल्लक असतो. छातीतली धडधड कॉफीची आहे की नव्या कामाच्या भीतीची, हे ओळखणं तेव्हा कठीण होतं. पुढे मनाचा कौल वाचायचा आहे, तर आधीच गोंधळ नको.

प्रदर्शन, मैफल, प्रकाशन समारंभ असे गर्दीचे प्रसंग टाळू नका, त्यांना कडा घाला. निघायची वेळ जाण्याआधी ठरवा आणि सोबतच्या माणसाला सांगून ठेवा. पोहोचल्यावर आधी शांत कोपरा आणि बाहेर पडायचं दार शोधा. तासाभराने दहा मिनिटं बाहेर जा आणि सावकाश श्वास घ्या, चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर; मिनिटाला सहा श्वास होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन काही सुरू करू नका. फ्रेमा पुसणं, फाइलींना नावं देणं, हिशेब, अशी हाताची कामं त्या सकाळसाठी राखून ठेवा.

मनाचा कौल कुठे चालतो, कुठे फसतो

माणूस निर्णय कसे घेतो याचा अभ्यास करणारे हर्बर्ट सायमन यांचं म्हणणं होतं की अंतःप्रेरणा, म्हणजेच मनाचा कौल, म्हणजे ओळख, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. परिस्थितीत एखादी खूण दिसते, ती खूण स्मृतीतली साठवण उघडते आणि उत्तर मिळतं. विल्यम चेस यांच्यासह त्यांनी १९७३ मध्ये केलेल्या प्रयोगात निष्णात बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद पाहून नवशिक्यांपेक्षा कितीतरी जास्त आठवत असे. तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली की त्यांची आघाडी जवळपास नाहीशी होत असे. नजर तीच, माणूस तोच, पण ओळखीचं काही उरलेलं नसायचं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये कौलावर विश्वास ठेवण्याच्या दोन अटी मांडल्या: ज्या क्षेत्रात कौल द्यायचा त्यात पुरेशी नियमितता हवी, आणि तिथे दीर्घकाळ काम करून चूक-बरोबर कळण्याची संधी मिळालेली हवी. कौल किती ठाम वाटतो यावरून तो खरा ठरत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

कलेला हे लावून बघू. ओळ अडखळते, निळा जरा जड झालाय, सम उशिरा आली, दृश्य दोन सेकंदांनी लांबलंय: अशा ठिकाणी वर्षानुवर्षं हजारो वेळा हाताखालून काम गेलेलं असतं आणि परिणाम लगेच दिसत असतो. इथे तुमच्या मनाचा कौल पहिला माना. ‘हे लोकांना आवडणार नाही’, ‘हे पुस्तक चालणार नाही’ इथे परिणाम वर्षांनी कळतो आणि त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. कौल ठाम असला तरी पाया कच्चा. ‘संपादक आपल्यावर नाराज आहेत’ हा तिसरा प्रकार, आणि हळवी माणसं सर्वांत जास्त फसतात ती इथे. तुम्हाला समोरच्याच्या आवाजातला बदल अचूक कळलेला असतो. त्या बदलाचं कारण मात्र तुम्ही कल्पनेने भरलेलं असतं. त्यांचा दात दुखत असेल. बदल टिपला एवढंच खरं धरा आणि कारण विचारा.

नवीन माध्यमात शिरताना हिशेब पुन्हा शून्यापासून. वीस वर्षं लिहिणाऱ्याचा कौल पहिल्या पटकथेत फारसा उपयोगी पडत नाही, हे मान्य केलं की निम्मा मनस्ताप वाचतो.

कौलाची वही

आपला कौल कुठे विश्वासाचा आहे हे तुम्हाला कुणी दुसरा सांगू शकणार नाही. ते लिहूनच कळतं. भाराच्या वहीतच मागच्या पानापासून सुरुवात करा. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख-वेळ, त्या वेळचा भार, कौल एका वाक्यात, खात्री शेकड्यात, आणि पडताळा कसा व कधी घेणार. अशी:

‘मंगळवार, सकाळी ११. भार ३. कथा शेवटच्या परिच्छेदाच्या आधीच संपली आहे. तो वाचताना डोळे पुढे पळतात. खात्री ७०. पडताळा: तीन वाचकांना दोन्ही मसुदे, माझं मत न सांगता. पुढच्या मंगळवारी.’

आणि ही दुसरी, त्याच आठवड्यातली:

‘गुरुवार, रात्री १०.३०. भार ८. ही कथाच टाकून द्यावी. खात्री ९५. पडताळा: शनिवारी सकाळी पुन्हा वाचणे.’

या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. पहिली एका जागेवर बोट ठेवते; दुसरी सगळ्यालाच हात घालते. पहिलीत खात्री बेताची, दुसरीत जवळपास पूर्ण. वही काही आठवडे चालवली की हा नमुना पुन्हा पुन्हा दिसण्याची शक्यता मोठी आहे: थकव्यातले कौल फार ठाम आणि फार ढोबळ असतात. ‘अंतःप्रेरणा शांत असते आणि भीती ओरडते’ असं सरसकट सांगितलं जातं, पण आमच्या मते त्यावर विसंबू नये. काहींना खरा कौलही पोटात गोळा आणतो. बोट ठेवता येतं का आणि भार किती होता, या दोन खुणा जास्त भरवशाच्या.

तीस नोंदी झाल्या की हिशेब मांडा. खरे ठरलेले कौल, चुकलेले, न ठरवता आलेले. मग तेच पुन्हा भाराप्रमाणे वेगळे करा, ४ पर्यंतचे आणि ७ किंवा त्यावरचे. मग विषयाप्रमाणे: कामातले बारीक निर्णय, प्रेक्षकांबद्दलचे अंदाज, माणसांबद्दलचे अंदाज. तीस ही काही मोठी संख्या नाही. दिशा दिसते, सिद्ध काही होत नाही. ८० टक्के खात्री लिहिलेल्या कौलांपैकी निम्मेच खरे ठरले असतील तर त्या विषयातला तुमच्या मनाचा आवाज थोडा कमी करून ऐकायला शिका. कुणाच्या बाबतीत उलटही निघतं: ५० लिहिलं होतं आणि बहुतेक खरे ठरले. अशांनी इतरांना विचारणं जरा कमी करावं.

वही दोन कारणांनी फसते. एक, निकाल कळल्यावर नोंद लिहिणं. ‘मला वाटलंच होतं’ हे प्रत्येकालाच नंतर वाटतं. दुसरं, मोघम लिहिणं. ‘काहीतरी चुकतंय’ या वाक्याचा पडताळा कसा घेणार?

खटकण्यापासून दुरुस्तीपर्यंत

खटकणं म्हणजे निदान नव्हे. ते फक्त जागा दाखवतं, कारण तुम्ही शोधायचं. हे एका वाक्यावर करून बघू.

‘दार उघडून ती आत आली आणि रिकामी खुर्ची पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण बाबा आता नव्हते.’

पहिल्या वाचनात नुसती नागमोडी रेघ ओढा आणि पुढे चला. लगेच दुरुस्त करायला बसलात तर पुढच्या पानावरचं खटकणं हरवतं. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा आणि आवाज कुठे पडतो ते ऐका. इथे तो ‘कारण’पाशी पडतो. आता एकेक तुकडा बोटाने झाका. ‘कारण बाबा आता नव्हते’ झाकलं तर खुर्ची कुणाची ते कळत नाही, पण वाक्य हलकं होतं. ‘डोळ्यांत पाणी आलं’ झाकलं तर आणखी बरं वाटतं, कारण रडण्याचं काम वाचकाकडे जातं. मग हरवलेली माहिती परत आणायची, पण वस्तूच्या रूपाने:

‘दार उघडून ती आत आली. बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल अजून तसाच होता.’

शेवटी एका ओळीत कारण लिहा: ‘भावना आणि तिचं कारण दोन्ही सांगितल्याने वाचकाला काही उरलं नव्हतं.’ अशा पंधरा-वीस ओळी जमल्या की त्यात तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसतात, आणि ते तुमचे नेहमीचे दोष असतात. हेच पुढच्या वेळी अंतःप्रेरणेला आणखी धारदार करतं, कारण आता तिच्याकडे ओळखायला नाव असलेली खूण असते.

चित्रकाराने याच कामासाठी चित्र उलटं टांगावं, आरशात पाहावं, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून छटा तपासाव्यात. गाणाऱ्याने ध्वनिमुद्रण एक दिवस टाकून, आवाज अगदी कमी ठेवून ऐकावं. लयीतला झोल तेव्हा उघडा पडतो. सगळ्यांत मर्म तेच: ओळखीचं काम थोडं अनोळखी करायचं.

मुरू देणं

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरवण, प्रकाश पडणं आणि पडताळणी. लोकांना तिसरा हवा असतो आणि पहिला टाळायचा असतो. तयारी न करता फिरायला गेलात तर फिरणं तेवढं होतं.

प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यावर सलग पाऊण तास तरी झगडा आणि किमान पाच वाईट उत्तरं कागदावर उतरवा. मग उठा आणि लक्ष फारसं न मागणारं काम करा: चालणं, भांडी, अंघोळ. मुरवणीचा फायदा होतो आणि हलक्या कामात तो जास्त दिसतो, असं अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून २००९ मध्ये पुढे आलं. पॉडकास्ट लावून चाललात तर ती मुरवण नव्हे, पुन्हा घेणंच. खिशात कागद ठेवा. सुचलेलं ‘लक्षात राहील’ म्हणतो तेच नेमकं उडून जातं. आणि सुचल्याच्या आनंदात चौथा टप्पा विसरू नका. सुचलेलं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा निवडून घ्यायचं.

टीका ऐकायची पद्धत

हळव्या माणसाला टीका खोल लागते, आणि खोल लागते म्हणून ती खरीच असेल असं वाटतं. उपाय कार्यपद्धतीत आहे.

वाचक किंवा प्रेक्षक दोन-तीनच निवडा. त्यातला एक तरी तुमच्यावर माया नसलेला, पण कामावर माया असलेला हवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. तीन नेमके प्रश्न द्या: कंटाळा कुठे आला, काय समजलं नाही, काय काढलं तर चालेल. उत्तर लेखी मागा, म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचण्यात तुमची शक्ती जाणार नाही. ते एकदा वाचा, बंद करा, आणि ४८ तास उत्तर देऊ नका. ‘मिळालं, धन्यवाद, दोन दिवसांनी बोलू’ एवढं कळवा.

दोन दिवसांनी प्रत्येक मुद्दा तीन रकान्यांत टाका: पटलं, पटलं नाही, कळलं नाही. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर ती जागा खरोखर दुबळी आहे असं धरा. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घेतलाच पाहिजे असं नाही. वाचकाला दुखणं कुठे आहे ते चांगलं कळतं. औषध सांगण्यात तो बऱ्याचदा चुकतो.

दुसऱ्याचं दुःख आणि स्वतःचं

जड विषयावर काम करणाऱ्यांनी, मग ती मुलाखत असो, माहितीपट असो की शोकांत भूमिका, आत शिरायची आणि बाहेर यायची ठरलेली कृती ठेवावी. नटांमध्ये ही शिस्त असते: वेश उतरवणं, तोंड धुणं, स्वतःच्या नावाने हाक ऐकणं. लिहिणाऱ्याने निदान टेबल बदलावं आणि पाच मिनिटं मनात काय आहे त्याला नेमकी नावं द्यावीत. ‘अस्वस्थ’ पुरेसं नाही. अपराधी, हतबल, संतापलेला, दमलेला यांपैकी काय? भावनेला शब्द दिला की तिची धग काहीशी उतरते.

स्वतःच्या जुन्या दुखण्यावर लिहायचं तर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची १९८० च्या दशकातली पद्धत वापरून बघता येते: रोज १५ ते २० मिनिटं, सलग तीन-चार दिवस, शुद्धलेखनाची पर्वा न करता, कुणालाही न दाखवण्यासाठी. लिहून झाल्याबरोबर मन उदास होणं अपेक्षित आहे, ते सहसा काही तासांत निवळतं. घटना अगदी ताजी असेल किंवा लिहिताना तोल सुटतोय असं वाटलं तर थांबा. आणि ही पानं म्हणजे कविता नव्हेत. त्यातून कविता निघायची तर काही महिन्यांनी निघेल.

जपणुकीचा अतिरेक

आपण हळवे आहोत हे कळलं की पहिल्या काही महिन्यांत माणूस सगळंच टाळायला लागतो. आधी गर्दी, मग फोन, मग मतभेद, मग नवं काम. प्रत्येक टाळण्यानंतर हलकं वाटतं, म्हणून टाळणं वाढतं, आणि जग आक्रसत जातं. आत येणारंच कमी झालं की कलेला कच्चा माल मिळत नाही, आणि कौलाला नव्या खुणा मिळत नाहीत. त्यामुळे दर आठवड्याला एक गोष्ट मुद्दाम रुंदवा. व्यासपीठाची भीती असेल तर आधी एका मित्रासमोर पाच मिनिटं, मग चौघांसमोर, मग छोट्या गटात. एका पायरीवर भार सलग तीन वेळा ५ च्या आत राहिला की पुढची पायरी. ८ च्या वर गेला तर पायरी मोठी होती. मधली एक घाला.

काही गोष्टी मात्र या वहीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदासी, झोप किंवा भूक बिघडणं, अचानक येणारी धडधड आणि गुदमरणं, आवडत्या कामातली गोडी पूर्ण जाणं, स्वतःला इजा करण्याचे विचार यांना ‘माझा स्वभावच हळवा’ म्हणून बाजूला सारू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा; शेवटच्या लक्षणात तर त्याच दिवशी.

सोबत काम करणाऱ्यांना किती सांगायचं

स्वभावाचं लेबल सांगायची गरज नसते. लेबल सांगितलं की लोक एकतर जपून वागू लागतात किंवा चेष्टा करतात, आणि दोन्हींत काम अडतं. गरज सांगा, तीही कामाच्या भाषेत:

‘मुद्दे आदल्या दिवशी मिळाले तर मी नीट विचार करून येईन.’
‘यावर आत्ता लगेच मत देत नाही. उद्या अकरापर्यंत लेखी कळवतो.’
‘सकाळी दहा ते बारा फोन बंद असतो; तातडीचं असेल तर ताईंना कळवा, त्या मला सांगतील.’

तिसऱ्या वाक्यातली ‘ताई’ आधी विचारून ठरवलेली हवी. आणि जी वेळ सांगितली ती पाळायची. उद्या अकरा म्हणजे उद्या अकरा. दोनदा चुकलात की पुढच्या वेळी लोक वेळ न देता तिथल्या तिथे उत्तर मागू लागतात.